आधी कन्सोल की आधी गेम?

पन्नास हजारांचं मशीन घेतलं म्हणून आपण गेम घेतो, की एका गेमपायी पन्नास हजारांचं मशीन घरात येतं? दोन मानपाड्यांतल्या दोन मित्रांच्या भांडणातून निघालेला एक सवाल... आणि त्याचं उत्तर जपानपासून पुण्यापर्यंत शोधण्याचा उद्योग!

‘मानपाड्याला राहतो’ असं कुणी म्हणालं, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला. ‘कुठला मानपाडा? ठाण्याचा की डोंबिवलीचा?’ ठाण्याचा मानपाडा घोडबंदर रोडवर, टिकुजिनीवाडीजवळचा. डोंबिवलीचा मानपाडा कल्याण-शीळ रोडवर, स्टेशनकडून निघालेला मानपाडा रोड जिथे जाऊन टेकतो तिथला. एका मानपाड्यातून दुसऱ्या मानपाड्याला जायचं तर बस, लोकल आणि शेअर रिक्षा असा तिहेरी प्रवास. तेवढ्या वेळात माणूस पुण्याला पोचतो, असं आमच्यात गमतीनं म्हणतात.

माझे दोन शाळासोबती असेच दोन मानपाड्यांत वाटले गेलेत. एकेकाळी दोघं एकाच बाकावर. आता एक आयटीवाला, लग्नानंतर घोडबंदरला टू बीएचकेत. दुसरा बँकेत, आई-बाबांसोबत मानपाडा रोडवरच्या जुन्याच घरात. सोयीसाठी त्यांना ठाणेकर आणि डोंबिवलीकर म्हणू. दिवाळीचा बोनस जमा झाला आणि ठाणेकरानं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्याकोऱ्या प्लेस्टेशन 5 चा फोटो टाकला. वर ओळ : ‘हार्डवेअर बघा रे, हार्डवेअर!’ डोंबिवलीकराचं उत्तर दोन मिनिटांत हजर : ‘खेळणार काय त्यावर? शोकेसमध्ये ठेव आणि हार घाल.’

झालं! पुढचे दोन दिवस ग्रुपवर धुमश्चक्री. ठाणेकराचं म्हणणं, लोक मशीन बघून पैसे टाकतात. ग्राफिक्स, स्पीड, फोर-के. डोंबिवलीकराचं म्हणणं, मशीन हा नुसता डबा. लोक गेमसाठी पैसे टाकतात, डबा नाइलाजानं घेतात. दोघांनी मला पंच केलं. पत्रकार ना मी! म्हटलं, बघूया तरी खरं काय ते.

कॅसेटवाला जमाना

सुरुवात घरापासून करू. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ हे मशीनचंच नाव होतं. टीव्हीला लावायचा एक प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट, जमलं तर बदकं मारायची बंदूक आणि रंगीत कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढायची, जोरात फुंकर मारायची, पुन्हा लावायची. वर ‘9999 इन 1’ असं छापलेलं आणि आत मोजून दहा-बारा गेम उलटसुलट क्रमानं. फसवणूक होती, पण गोड होती!

आता आठवून बघा. त्या डब्याच्या कंपनीचं नाव आठवतं? बहुतेकांना नाही. पण ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’? झोपेतही आठवतील. त्यामागचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. निन्टेंडोनं 1983 मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं मशीन काढलं. आपल्याकडे घराघरांत आलेले बहुतेक डबे ही त्याची नक्कल होती. अशा कुठल्याही डब्यात तशी कुठलीही कॅसेट चालायची. शेजारच्या बंड्याची कॅसेट आपल्या डब्यात, आपली त्याच्या डब्यात. सगळेच डबे सगळेच गेम चालवत असतील, तर डब्याकडे कोण बघतो? मग उरते फक्त किंमत. जो स्वस्त, तो आणायचा.

म्हणूनच मोठ्या कंपन्या ‘एक्सक्लुझिव्ह’ गेमचा हट्ट धरतात. मारिओ अधिकृतपणे खेळायचा तर निन्टेंडोकडेच या. ‘गॉड ऑफ वॉर’ नवा निघाला की पहिल्यांदा सोनीकडेच. गेम दुसरीकडे मिळाला की आपल्या मशीनचाही बिननावाचा डबा होणार, ही भीती!

पहिला राउंड डोंबिवलीकराचा.

एलियन आले, मशीन विकलं गेलं

या बाजूचे जगभरातले पुरावेही तगडे आहेत. अमेरिकेत ‘अटारी’चं घरगुती मशीन 1977 मध्ये आलं. चाललं, पण बेताबेतानं. मग 1980 मध्ये अटारीनं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानी गेम आपल्या मशीनवर आणला. वरून रांगेनं उतरणारे एलियन आणि खालून आपण. पार्लरमध्ये नाणी टाकून खेळायचा हा गेम घरी खेळता येतो म्हटल्यावर लोकांनी त्यासाठी मशीन घेतलं. त्या एका वर्षात अटारीच्या मशीनचा खप साधारण दुप्पट झाला. मशीन तेच, जुनंच. नवीन होता तो फक्त गेम.

पण गेम जसा तारतो तसा बुडवतोही. 1982 मध्ये अटारीनं ‘ई.टी.’ या सुपरहिट सिनेमावर घाईघाईत गेम काढला. नाताळ गाठायचा होता! गेम इतका फसला की न खपलेल्या कॅसेट 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. अनेकांना ही दंतकथा वाटायची. 2014 मध्ये ती जागा खणली आणि कॅसेट खरंच निघाल्या. एकट्या ‘ई.टी.’नं बाजार बुडवला असं नाही. त्या काळात कुणीही उठून काहीही गेम काढत होतं आणि दुकानं रद्दी गेमनी भरली होती. लोकांचा विश्वास उडाला आणि अमेरिकेतला कन्सोलचा अख्खा बाजार कोसळला.

दुसरं उदाहरण हातात मावणारं. 1989 मध्ये निन्टेंडोनं ‘गेम बॉय’ काढला. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, अंधारात दिसायचा नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला. रंगीत स्क्रीन, मागून लाइट, सगळं झक्कास. हार्डवेअरच्या परीक्षेत गेम गिअर फर्स्ट क्लास. पण अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ मिळत होता. मुलांना आवडायचा, बाबांना आवडायचा, आजीलाही कळायचा. शेवटी गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटींच्या वर खपले. गेम गिअर कोटीभरावर थांबला.

डोंबिवलीकर खूश. पण थांबा! इथेच गोष्टीत एक मेख आहे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत ते ढुस्स! म्हणजे ‘टेट्रिस’नं मुलाला हट्ट करायला लावलं हे खरं, पण रोज नवे सेल आणून द्यायचे कुणी? बाबांनी! बॅटरी टिकणं हेही हार्डवेअरच. फक्त ते जाहिरातीत चमकत नाही.

इथून मला वेगळाच वास यायला लागला. गेम आपल्याला हट्ट करायला लावतो. पण घरात मशीन यायला परवानगी लागते. ती परवानगी कोण मिळवून देतं?

‘डीव्हीडी पण चालते गं आई!’

या प्रश्नाचं सगळ्यात खणखणीत उत्तर म्हणजे प्लेस्टेशन 2. 4 मार्च 2000 ला तो जपानमध्ये आला. किंमत 39,800 येन. सुरुवातीला त्यावर खेळण्यासारखं फार काही नव्हतं, असं त्याचे चाहतेही कबूल करतात. तरीही उड्या पडल्या, कारण त्यात डीव्हीडी प्लेअर होता. त्या काळात नुसता डीव्हीडी प्लेअर घ्यायचा तरी चांगलेच पैसे पडायचे. इथे त्याच्यासोबत गेमिंगचं मशीन मिळत होतं. वर जुन्या प्लेस्टेशनच्या सीड्याही चालत होत्या. नवे गेम नंतर आले आणि काय आले! 2004 चा ‘जीटीए सॅन अँड्रियाज’ हा त्या मशीनवर सगळ्यात जास्त खपलेला गेम ठरला. पण दार उघडून आत आणलं ते डीव्हीडीनं. सोनीच्या हिशेबानुसार पीएस टू 16 कोटींवर खपला.

त्याच वेळी सेगाकडे ‘ड्रीमकास्ट’ होता. गेम एकापेक्षा एक सरस, इंटरनेट जोडायचीही सोय. गेमवेडे आजही त्याचं नाव निघालं की हळवे होतात. पण त्यात डीव्हीडी नव्हती, त्याच्या गेमच्या कॉप्या सर्रास निघत होत्या आणि लोक ‘थांबा, पीएस टू येतोय’ म्हणून हात राखून बसले होते. मार्च 2001 मध्ये सेगानं ड्रीमकास्ट बनवणं बंद केलं आणि कन्सोलच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. ड्रीमकास्ट 91 लाखांवर थांबला. चांगले गेम असूनही!

आता आपल्याकडचा सीन आठवा. पीएस टू घरी आणण्यासाठी आपण काय सांगितलं होतं? ‘आई, डीव्हीडी पण चालते. तुला सिनेमे बघता येतील. वेगळा प्लेअर घ्यायलाच नको!’ डोंबिवलीकराच्या घरी याच एका वाक्यावर पीएस टू आला होता. आईनं त्यावर किती सिनेमे पाहिले ते विचारू नका.

आपल्याकडे आणखी एक फंडा होता, ‘चिप’चा. दुकानातून पीएस टू आणायचा, ओळखीच्या माणसाकडून त्यात चिप बसवून घ्यायची आणि मग फुटपाथवरची पायरेटेड सीडी बिनधास्त चालवायची. बेकायदा होतं, पण घराघरांत होतं. आणि यामुळे धंद्याचं अख्खं गणित उलटं झालं.

ते गणित असं. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा मशीनवर फारसं कमवत नाहीत, कधी कधी तोटाच सोसतात. 2021 मध्ये अमेरिकेत अॅपल आणि एपिक यांच्यातला खटला चालू असताना मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी कोर्टात सांगून टाकलं, की एक्सबॉक्सच्या मशीनवर आम्ही कधीच नफा कमावला नाही. मग पैसा कुठून येतो? विकल्या गेलेल्या प्रत्येक गेममधून मिळणाऱ्या वाट्यातून आणि महिन्या-वर्षाच्या सबस्क्रिप्शनमधून. प्रिंटर स्वस्तात देऊन शाई महाग विकण्यातला प्रकार.

आपण काय केलं? प्रिंटर घेतला आणि शाई फुटपाथवरून आणली! आपल्याकडे एकदा मशीन घेतलं की खर्च संपला. म्हणून मशीनची किंमत हीच खरी किंमत. हार्डवेअर खपलं ते सॉफ्टवेअर जवळजवळ फुकट होतं म्हणून. आता हा गुण कुणाला द्यायचा, ठाणेकराला की डोंबिवलीकराला? पंचांची पंचाईत!

गेम तोच, मशीन वेगळं

एकच गेम दोन वेगवेगळ्या मशीनवर विकून बघितला, तर कुणाचा हात किती हे कळेल. असा प्रयोग निन्टेंडोकडून नकळत झालाय. 2014 मध्ये ‘मारिओ कार्ट 8’ हा रेसिंगचा गेम ‘वी यू’ या मशीनवर आला. गेम सॉलिड, पण ‘वी यू’ काय आहे हेच लोकांना कळेना. आधीच्या ‘वी’चा नुसता नवा रिमोट आहे, असा कित्येकांचा समज झाला. मशीन जेमतेम 1 कोटी 35 लाख खपलं आणि गेम 84 लाख. आकडा नीट बघा. ज्यांनी मशीन घेतलं त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या घरी हा गेम होता. गेमनं आपलं काम चोख केलं. मशीन कमी पडलं.

मग 2017 मध्ये ‘स्विच’ आला. टीव्हीला लावा, नाहीतर उचलून ट्रेनमध्ये न्या. संकल्पना दहा सेकंदांत कळते. त्यावर तोच ‘मारिओ कार्ट 8’ थोडी भर घालून पुन्हा आणला. खप? 6 कोटींच्या पुढे! स्विच स्वतः 15 कोटींच्या पुढे गेला.

ठाणेकरानं हे वाचून नाचायला सुरुवात केली असती, म्हणून लगेच दुसरा आकडा. स्विच 3 मार्च 2017 ला ‘झेल्डा’च्या नव्या गेमसोबत आला. त्या पहिल्या महिन्यात अमेरिकेत स्विच विकले गेले 9 लाख 6 हजार आणि स्विचसाठीचा झेल्डा विकला गेला 9 लाख 25 हजारांवर. मशीनपेक्षा गेम जास्त! मशीन हातात यायच्या आधीच काहींनी गेम घेऊन ठेवला, काहींनी एक खेळायला आणि एक जपून ठेवायला असे दोन घेतले. याहून वेडी इच्छा असू शकते का?

थोडक्यात काय, झेल्डानं लोकांना वेड लावलं. आणि ‘प्रवासातही नेता येईल, घरातल्या सगळ्यांना खेळता येईल’ या कारणानं त्या वेडाला घरातून होकार मिळाला. इच्छा गेम जागवतो, परवानगी मशीन मिळवतं. दोन्ही सह्या झाल्याशिवाय चेक वटत नाही.

अक्षय, युवराज आणि अभ्यासाचा कॉम्प्युटर

आता हेच सूत्र भारतात लावून बघू. 2006 च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स 360 आपल्याकडे आणला. किंमत 19,990 पासून. चेहरे कोण, तर अक्षय कुमार आणि युवराज सिंग. 2007 च्या एप्रिलमध्ये सोनीचा पीएस थ्री आला, तब्बल 39,990 ला. तेव्हा नव्यानं नोकरीला लागलेल्याचे दोन-तीन पगार त्यात गेले असते. वर एकेक गेम दोन-अडीच हजारांचा, आणि इथे फुटपाथवाला कामाला येत नव्हता.

भारतीयाला हवा होता क्रिकेटचा गेम. ईए कंपनीचा ‘क्रिकेट 07’ 2006 च्या शेवटी आला, पण तो फक्त पीसी आणि पीएस टूसाठी. एक्सबॉक्सकडे ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट 2007’ होता आणि भारतात तो चक्क ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट 2007’ या नावानं विकला गेला. तरीही आपल्यातल्या बहुतेकांनी क्रिकेट कशावर खेळलं? घरच्या कॉम्प्युटरवर, ‘क्रिकेट 07’. ईएनं त्यानंतर पीसी-कन्सोलसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही, तर पोरांनी त्यातच नव्या टीम, नव्या जर्सी घालून तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवला.

आणि तो कॉम्प्युटर घरात कशासाठी आला होता? अभ्यासासाठी! परवानगी आधीच मिळालेली होती. गेमला फक्त आत शिरायचं होतं.

सोनीला हे गणित उशिरा का होईना कळलं. त्यांनी पीएस टू स्वस्त केला आणि खास भारतासाठी गेम बनवून घेतले. 2009 मध्ये हैदराबादच्या कंपन्यांकडून ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला, कबड्डी-विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ आला. मग मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट’ आणि 2011 मध्ये शाहरुखच्या सिनेमासोबत ‘रा.वन’चा गेम. कल्पना बरोबर होती. पण जगात पीएस थ्री जोरात असताना हे बहुतेक आधीच्या पिढीच्या मशीनवर चाललं होतं, आणि 2013 च्या सुरुवातीला सोनीनं पीएस टूचं उत्पादनच थांबवलं.

मग 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि 2018 मध्ये ‘पबजी मोबाइल’. फोन कामासाठीच घेतलेला, म्हणजे पुन्हा परवानगी आधीच खिशात! गेम फुकट. सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी घातली, 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ नावानं परतला. मधल्या काळात कुणी फोन फेकून दिला नाही. हेच कन्सोलचं दुखणं. त्याच्यावरचा गेम संपला की तो टीव्हीखाली धूळ खात पडतो.

पुण्याची राजी

आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या टीमनं ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ नावाचा गेम बनवला. राजस्थानी धाटणीचे महाल, देव-असुरांच्या गोष्टी आणि भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे एपिक कंपनीच्या अनुदानाचा हात मिळाला. 18 ऑगस्ट 2020 ला गेम जगासमोर आला आणि ‘द गेम अॅवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं.

पण गेम आधी आला कुठे? निन्टेंडो स्विचवर! जे मशीन तेव्हा भारतात अधिकृतपणे मिळतच नव्हतं. बाकीच्या मशीनवर आणि पीसीवर तो ऑक्टोबरमध्ये आला. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या पोराला खेळायचा, तर ग्रे मार्केटमधून मशीन आणा, नाहीतर दोन महिने थांबा.

यात त्या टीमचा काही दोष नाही. गेम बनवणारा जिथे लोक पैसे मोजून गेम घेतात तिथे जाणार. आणि मशीन विकणारा जिथे गेम खपतात तिथे दुकान मांडणार. आपण वर्षानुवर्षं शाई फुटपाथवरून आणली, त्याचं बिल हे असं आलं.

तर मग निकाल?

तोवर चित्र थोडं बदललंय. पीएस फाइव्ह 2 फेब्रुवारी 2021 ला भारतात आला, 49,990 ला. बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तो पाच हजारांनी महाग झाला, तरी मागणी राहिलीच. आता ईएमआय आहे, बोनस आहे आणि परवानगी द्यायला आई नाही, आपणच आहोत. निदान ठाणेकराला तसं वाटत होतं! प्रत्यक्षात त्यानं बायकोला काय पटवलं असेल? ‘अगं, फोर-के ब्लू-रे पण चालते. नेटफ्लिक्स पण दिसतं.’ वीस वर्षांनी तोच डायलॉग, फक्त डीव्हीडीच्या जागी ब्लू-रे.

महिन्याभरानं त्याच्याकडे गेले, तर पीएस फाइव्ह खरोखर शोकेसमध्ये. एक मोठा गेम अर्धा खेळून झाला होता. म्हणाला, ‘ऑफिसहून यायला नऊ वाजतात गं. एकट्यानं काय खेळणार?’ डोंबिवलीकराचा टोमणा अक्षरशः खरा ठरला होता.

मग दोघांचं एका रात्री फोनवर ठरलं. शाळेत असल्यासारखा फुटबॉल खेळायचा, ऑनलाइन. अडचण एकच. डोंबिवलीकराकडे जुना पीएस फोर. घरात बाबांच्या औषधांचा खर्च, नवीन मशीनचा विषयही त्यानं काढला नव्हता. आणि ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ मध्ये पीएस फोरवाला आणि पीएस फाइव्हवाला एकमेकांविरुद्ध खेळू शकत नाहीत. पिढी वेगळी, सर्व्हर वेगळा. मग उपाय? पीएस फाइव्हवाल्यानं त्याच गेमची पीएस फोरची आवृत्ती डाउनलोड करायची.

ठाणेकरानं तेच केलं! पन्नास हजारांच्या मशीनवर, फोर-के टीव्हीवर, मागच्या पिढीचा गेम. ग्राफिक्स जुने, खेळाडूंचे चेहरे ओबडधोबड. आता शुक्रवारी रात्री अकरा वाजता घोडबंदरचा मानपाडा आणि डोंबिवलीचा मानपाडा एका मैदानावर भेटतात. बस नाही, लोकल नाही, रिक्षा नाही. हेडफोनमधून शिव्याही शाळेतल्याच.

पंचांचा निकाल असा : लोक हार्डवेअर बघून भुलतात, गेमसाठी हट्ट करतात, घरच्यांना मशीनचे फायदे सांगून परवानगी मिळवतात. पण मशीन धूळ खाणार की चालू राहणार, हे ठरतं ते समोरच्या रिमोटवर कोण आहे त्यावर. कॅसेटच्या जमान्यात शेजारचा बंड्या होता, तेव्हाही हेच खरं होतं.

*तुम्हीही बोनसच्या विचारात असाल तर...*

• आधी तीन गेमची नावं लिहा, जी तुम्हाला नक्की खेळायची आहेत. तीन सुचत नसतील, तर मशीन थांबू शकतं.

• ते गेम तुमच्या पीसीवर किंवा फोनवर मिळतायत का, बघा. मिळत असतील तर पैसे वाचले.

• तुमच्या मित्रांकडे कुठलं मशीन आहे ते विचारा. ‘क्रॉसप्ले’ आहे का आणि कुठल्या पिढीत, हेही तपासा.

• मशीनच्या किमतीत वर्षभराचे गेम आणि ऑनलाइन खेळायचं सबस्क्रिप्शन मिळवा. खरी किंमत ती.

• डिस्कवाला घ्यायचा की डिजिटल? जुने गेम विकायचे, मित्राशी अदलाबदल करायचे असतील तर डिस्कवालाच बरा.

• आणि घरी विचारलं तर खरं कारण सांगा. ब्लू-रेवर आता कुणी विश्वास ठेवत नाही!